पाहुणे येईपर्यंत

"हाऊ दोर वरीसभर उन्हमा पडेल शे, चारू. यानावर कोणले बठाडू नको," असं भिकुबाईनं सांगितलं होतं, आणि चारुलता हसली होती. भिकुबाई शेजारच्या घरातली, माहेर पारोळ्याकडचं, वय ऐंशीच्या पुढे. ती दिवसातून दहा गोष्टींना नको म्हणायची, आणि जळगावच्या असोदा रोडवरच्या त्या कॉलनीतल्या बायका त्यातल्या नऊ हसण्यावारी न्यायच्या. "आजी, ट्रकचा दोर आहे हा. केळीचा अख्खा ट्रक आवळतात याने," चारुलता म्हणाली होती. "केळाले जीव नई ऱ्हास, माय," म्हणून म्हातारी आपल्या दारात जाऊन बसली, आणि चारुलतानं निंबाच्या फांदीवरून दोराचं दुसरं टोक ओढून घेतलं. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन दिवस होते. नणंद धुळ्याहून माहेरी येणार होती, आणि माहेरी आलेल्या लेकीला झोका नाही तर अखाजी कसली. निळा दोर गच्चीवर टाकीच्या पाइपाला गुंडाळून पडला होता, गेल्या अखाजीपासून. हातात घेतला तेव्हा त्याची निळी भुकटी तळव्याला लागली. ती तिनं ड्रेसला पुसली. ही भुकटी कशाची, ते तिला माहीत होतं. हे तिला पुढे कुणी सांगायची गरज पडली नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला तिनं केमिस्ट्री घेतली होती, आणि उन्हानं प्लास्टिकच्या साखळ्या कशा तुटतात यावर आठ मार्कांचा प्रश्न तिनं आकृतीसकट लिहिला होता. आठपैकी सात मिळाले होते. म्हणजे भिकुबाईला जे हाताला कळत होतं ते तिला कागदावर येत होतं, आणि तरी तिनं भुकटी ड्रेसला पुसली.

अखाजीच्या सकाळी दिपमाला झोक्यावर बसली तेव्हा मांडीवर ओजू होती. ओजू चारुलताची, सव्वादोन वर्षांची, आदल्या दिवसापासून अंगात कणकण. त्याच कणकणीमुळे चारुलता स्वतःच्या माहेरी एरंडोलला गेली नव्हती. "वहिनी, सोड की तिला माझ्याजवळ, झोक्यावर ताप उतरतो," दिपमाला म्हणाली. "कोणत्या डॉक्टरनं सांगितलं?" "मीच डॉक्टर. देवपूरची." आणि ती हसत पायानं जमीन रेटत राहिली. दिपमाला सव्वीसची, चारुलतापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण नणंद म्हणून ताई; दिपूताई. औषधाची वेळ झाली म्हणून चारुलतानं ओजूला तिच्या मांडीवरून उचललं. ओजूच्या तापाच्या वेळा ती कॅलेंडरच्या मागे लिहीत असे, मिनिटासकट. योगेंद्र, तिचा नवरा, त्यावरून तिला चिडवायचा की पोरीचा ताप लिहितेस की रेल्वेचं टाइमटेबल. ती आत आली, चमच्यानं सिरप पाजलं, भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, आठ चाळीस, पेन उचललं, आणि मागच्या बाजूला कुणीतरी ओलं पोतं आपटावं तसा आवाज झाला. किंकाळी नव्हती. किंकाळी असती तर तिला कमी भीती वाटली असती. ती धावली तेव्हा झोक्याचा एकच दोर फांदीला लोंबत होता, आणि दिपमाला धुण्याच्या दगडी ओट्यावर बसती आदळून कुशीवर कलंडली होती, डोळे उघडे, तोंड उघडं. चारुलताच्या मनात पहिला विचार आला तो असा: ओजू माझ्याजवळ आहे. दिपूताईचा विचार दुसरा आला. मधे किती वेळ गेला असेल, अर्धा सेकंद. पण तो अर्धा सेकंद पुढे दिवसभर तिच्या पायात घुटमळत राहिला.

"वहिनी, माझे पाय कुठंयत?" दिपमाला म्हणाली. पाय तिथंच होते, जोडव्यांसकट. सासूबाई, बेबाबाई, धावत आल्या. शेजारचे दोघे भिंतीवरून उडी टाकून आले. एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं तांब्या आणला. बसती करा, पाणी पाजा, पाय चोळा. अशा वेळी आपल्याकडे सगळ्यांना काय करायचं ते माहीत असतं. चारुलता एरवी चारचौघांत आवाज चढवत नसे. त्या सकाळी तिनं शेजाऱ्याचा हात झटकला आणि म्हणाली, "कुणीही हात लावायचा नाही. मान, पाठ, काही हलवायचं नाही. आई, तुम्ही फक्त तिचं डोकं दोन्ही बाजूंनी धरून बसा." १०८ ला फोन तिनंच केला. गाडी येईपर्यंत पस्तीस मिनिटं ती दिपमालाच्या तोंडावर ओढणीची सावली धरून उकिडवी बसली. नऊ वाजताच ऊन पाठीत शिरत होतं. त्या पस्तीस मिनिटांत योगेंद्रनं धुळ्याला फोन लावला. ती ऐकत होती. "हॅलो, दाजी... काही नाही, दिपू जरा पडली झोक्यावरून. नाही नाही, थोडं लागलंय. काळजीचं कारण नाही. तुमचं सगळं आवरून सावकाश या." फोन ठेवून तो चारुलताकडे पाहीना. आपल्याकडे वाईट बातमी अशीच सांगतात, पाण्यात कालवून. मेलेल्या माणसालासुद्धा आधी सिरियस करतात, मग तासाभरानं गेला म्हणतात. ऐकणाऱ्याला रस्त्यात काही होऊ नये म्हणून. त्यात प्रेमच असतं. चारुलताला तेव्हा वाटलं, बोलावं. पण तिच्या ओढणीची सावली सरकत होती आणि ती सावली नीट धरण्यात गुंतली.

जळगावच्या त्या दवाखान्याचा कॉरिडॉर लांब होता, आणि टोकाला एक कूलर जमिनीवर पाणी गाळत होता. एमआरआयला साडेबारा झाले. सर्जन चाळिशीचा असेल; बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे पाहायचा. त्यानं विचारलं, "नेमकी किती वाजता पडली?" बेबाबाई म्हणाल्या, सकाळी. योगेंद्र म्हणाला, नऊच्या सुमारास. "आठ चाळीस," चारुलता म्हणाली. सर्जननं पहिल्यांदा खांदा सोडून तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं. मग त्यानं फिल्म उजेडाला धरून सांगितलं ते तिला शब्दन् शब्द आठवतं. पाठ आणि कंबर जुळते तिथला मणका फुटलाय. त्याचा एक तुकडा मागे सरकून नसांच्या दोरीला दाबतोय. दोरी तुटलेली नाही, दबलेली आहे. पायाच्या अंगठ्याला टाचणी लावली तर तिला अंधुक कळतंय, म्हणजे वाट पूर्ण बंद झालेली नाही. दाब जितका लवकर निघेल तितकी आशा जास्त. चोवीस तासांच्या आत काढावा असं आम्ही धरतो, त्यातही जितकं आधी तितकं बरं. "ऑपरेशन केलं म्हणजे चालेलच, असं मी म्हणणार नाही. पण थांबलो तर काय होतं ते मी पाहिलंय. सकाळपासून चहाशिवाय काही खाल्लं नाही ना? पाच वाजता टेबल मोकळं आहे. भूलतज्ज्ञ आहेत. नाहीतर उद्या दुपारनंतरच मिळेल. तुम्ही ठरवा." आणि तो गेला. दोरी हा शब्द त्यानं वापरला नसता तर बरं झालं असतं. ती कूलरच्या पाण्याकडे पाहत उभी राहिली आणि निळी भुकटी तिच्या तळव्यावर पुन्हा उमटल्यासारखी झाली.

ठरवा म्हणजे कोणी? तोवर तिथं घरचे सगळे जमले होते. सासरे, रुपचंद आबा, असोद्याहून शेतातल्या कपड्यांवरच मोटारसायकल मारत आले होते, धोतराला केळीचे काळे डाग. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "पाहुण्यांना येऊ द्या." हे वाक्य त्या दिवशी तिनं किती वेळा ऐकलं असेल. लेक एकदा दिली की तिच्या अंगाचंसुद्धा पाहुणे, म्हणजे तिच्या सासरचे, ठरवतात. ते येईपर्यंत माहेरच्यांनी नुसतं उशाशी बसायचं. यात कुणी दुष्ट नव्हतं. बेबाबाई कॉरिडॉरमध्ये पदर तोंडात धरून रडत होत्या. योगेंद्र बहिणीसाठी रक्ताच्या पिशवीची सोय करून आला होता, गट जुळत नव्हता तर दोन मित्रांना उभं केलं होतं त्यानं. सगळे धावत होते. फक्त संमतीच्या एका कागदापाशी येऊन सगळे थांबत होते. चारुलता भिंतीला टेकली, आणि ती भिंत गार लागली तशी दुसरी एक भिंत तिला आठवली, सव्वादोन वर्षांपूर्वीची.

त्या भिंतीच्या आत ती स्वतः होती. कळा सुरू होऊन चौदा तास झाले होते, आणि दाराबाहेर हेच आवाज होते, हेच बाक असावेत, कूलरऐवजी पंखा. बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझर करू या, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, आणि बाहेर कुणीतरी म्हणत होतं, थोडी वाट पाहू, पहिलटकरीण आहे, नॉर्मल होईल, आबा येताहेत, त्यांना विचारू. ती शुद्धीत होती. छताच्या प्लास्टरला गेलेली भेग तिला आजही काढून दाखवता येईल इतकी ती शुद्धीत होती. तिला ओरडून सांगायचं होतं, अहो कापा, मला कापा. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता बोलायची तिला सवय नव्हती. कॉलेजात वादविवाद स्पर्धेची ढाल मिळवलेली मुलगी ती. शेवटी सही योगेंद्रनं केली, चौदाचे एकोणीस तास झाल्यावर. ओजू निळी जन्मली. आठ दिवस पेटीत होती. पुढे सगळं ठीक झालं, पोरगी बोलायला लागली, पळायला लागली. पण चारुलता अजून झोपलेल्या पोरीच्या नाकापाशी बोट धरून पाहते, अजून मिनिटं लिहिते. लोकांना वाटतं आई भित्री आहे. ती भित्री नाही. ती पाच तासांचा हिशेब लावते आहे, जो कधी लागत नाही. ते पाच तास नेमके कुठे गेले हे तिनं कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं असतं, आणि सगळे चांगलेच लोक होते.

पाऊण वाजता तिनं योगेंद्रच्या हातातून फोन घेतला. "मी बोलते." "तू काय बोलणार?" "खरं." पलीकडे प्रेमराज होता, दिपमालाचा नवरा, त्याचं धुळ्यात मोटारींच्या बॅटऱ्यांचं दुकान, अबोल माणूस. मागे भांड्यांचे आवाज होते, घागर पुजायची तयारी चालली होती. अखाजीला पितरांची घागर भरल्याशिवाय घरात पान वाढत नाहीत. "दाजी, दिपूताईला थोडं लागलेलं नाही," चारुलता म्हणाली. "मणका फुटलाय. कमरेखाली तिला कळत नाही. डॉक्टर आज पाचला ऑपरेशन म्हणताहेत. उशीर झाला तर पाय जातील." पलीकडे त्यानं कुणाला तरी भांडी थांबवायला सांगितलं. मग प्रेमराज म्हणाला, "मेव्हणे तर म्हणत होते थोडं लागलंय." आणि फोन त्याच्या आईच्या, प्रमिलाबाईंच्या हातात गेला. "सकाळी थोडं लागनं, आते ऑपरेशन? डॉक्टरले काय, त्याले कापानंच ऱ्हास. आम्हना दीर असाच पडना व्हता, महिनाभर पायले वजन लाई पडी ऱ्हायना, आते मोटारसायकल चालावस. आम्ही ईसूत, मंग ठरावसूत. तवलोंग कोणले हात लावू देऊ नका. ती आम्हनी सून शे." यात चारुलताला चुकीचं धरता येईना. ज्याला चार तास थोडं लागलंय असं सांगितलं त्याला पाचव्या तासाला पाय जातील म्हटलं तर तो कुणावर विश्वास ठेवेल? फोन ठेवल्यावर योगेंद्र म्हणाला, "घाबरवलंस त्यांना." ती म्हणाली, "सकाळीच घाबरले असते तर आत्ता इथं असते."  तो वाईट नव्हता. त्याच्या शर्टाच्या खिशाला पेन होतं, आणि सव्वादोन वर्षांपूर्वी त्याच पेनानं सही झाली असेल, असं तिला उगीच वाटून गेलं.

पुढचे तास तिनं मोजले. घागर सव्वादोनला झाली. जेवणं झाली नाहीत, हे तिला नंतर कळलं. पण तेव्हा तिला वाटत होतं, आता आमरस वाढत असतील. पाहुणे निघाले. पारोळा आलं असा फोन आला. ओजूला भिकुबाईकडे ठेवलं होतं. ताप उतरलाय, भात खाल्ला, असा निरोप आला, आणि तिनं सवयीनं वेळ लिहायला पेन शोधलं. मधेच ती काचेतून आत पाहून यायची. दिपमाला पाठीवर सपाट, छताकडे पाहत, हाताची बोटं चादरीवर एकेक करून उघडत-मिटत होती. ती मोजत असावी. काय मोजत असेल? नर्स दर तासाला टाचणी घेऊन आत जायची. साडेतीनला बाहेर येताना तिचा चेहरा वेगळा दिसला. "ताई, दुपारी डाव्या अंगठ्याला पटकन सांगत होत्या. आता दोनदा विचारावं लागलं." तेवढ्यात प्रेमराजचा फोन. ते एरंडोलला पोचले होते, आणि आईचं म्हणणं की इतकं जवळ आलोच आहोत तर पद्मालयाला गणपतीला नवस बोलून येऊ. तासाभराचा फेर. "आईचं मन..." तो म्हणाला. एरंडोल चारुलताचं माहेर. पद्मालयाच्या तळ्यातली कमळं तिनं लहानपणी काठावरून मोजली होती. त्या रस्त्याची वळणं तिला पाठ होती, आणि वळणावळणाला ती मनातल्या मनात गाडी माघारी फिरवत होती.

चार वाजून दहा मिनिटांनी सर्जन पुन्हा आला. "पाचचं टेबल सोडू का? दुसरा पेशंट आहे." आबा उठून उभे राहिले, हात जोडले. "साहेब, पाहुणे पद्मालयापर्यंत आले. अर्धा-पाऊण तास." "आणि आल्यावर ते धुळ्याला हलवू म्हणाले तर?" चारुलतानं विचारलं. ते म्हणणारच होते, हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं सर्जनला विचारलं, "सही कोणाची लागते?" तो खांद्याकडे पाहत नव्हता आता. "पेशंट सज्ञान आहे. पूर्ण शुद्धीत आहे. तिची स्वतःची सही पुरते. साक्षीदार एक." "मग सकाळपासून..." "सकाळपासून मी ठरवा म्हणतोय. तुम्ही सगळे मला पाहुणे कुठं पोचले तेवढंच सांगताय."  बेबाबाईंनी पदर तोंडातून काढला. सकाळपासून त्या दाराच्या आत एक बाई जागी होती, तिचे पाय होते, तिचा अंगठा होता, आणि तिला सगळ्यांनी पाणी विचारलं होतं, उशी विचारली होती, दुखतंय का विचारलं होतं. चारुलताला आपल्याच तोंडावर हात मारून घ्यावासा वाटला. तिनंसुद्धा विचारलं नव्हतं. भिंतीच्या आत पडून आलेली ती, आणि भिंतीबाहेर उभी राहिल्याबरोबर ती सुद्धा बाहेरची झाली होती.

ती दाराकडे निघाली तेव्हा आबा आडवे आले. त्यांनी सुनेशी कधी नजरेला नजर देऊन बोलणं केलं नव्हतं, आज केलं. "सूनबाई, असं कसं करता येईन? त्यांना न विचारता कापलं, आणि उद्या काही कमी-जास्त झालं... त्यांनी नांदवलीच नाही तर? पोरगी जन्माची माहेरी बसंन." तिला दिसलं की या माणसाला लेकीच्या पायाइतकीच लेकीच्या घराची भीती आहे, आणि ही भीतीही खोटी नाही. "आबा," ती म्हणाली, "माहेरी बसली तर मी तिला सांभाळीन. हे मी आज इथं सगळ्यांसमोर बोलते. पण बसायचं की चालायचं ते तिला ठरवू द्या." आबा तसेच उभे राहिले. मग योगेंद्र पुढे आला, वडिलांच्या दंडाला धरून त्यांना बाकाकडे घेऊन गेला, आणि जाता जाता खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं.  त्या एका गोष्टीसाठी तिनं त्याचे कुठले कुठले तास माफ केले असतील, तिचं तिलाच ठाऊक.

आत एसीचा गार वास होता. दिपमालानं डोळे वळवले. "ओजू कुठंय?" "भिकुबाईकडे. भात खाल्ला." "बरं झालं ना वहिनी, तू तिला उचललंस." चारुलताला बसायला स्टूल होतं, ती बसली नाही. बसली असती तर तिथंच राहिली असती. तिनं सरळ सांगायला सुरुवात केली, जसं तिला कुणी सांगायला हवं होतं तसं: मणका कुठला, तुकडा कुठे, चोवीस तासांचं काय म्हणतात, किती तास गेले, साडेसात. ऑपरेशन केलं तर चालशीलच असं नाही. ऑपरेशनात जिवाला धोका थोडा असतो, तो आहे. थांबायचं तर उद्या दुपार. दाजी पद्मालयाला आहेत, तुझ्या सासूबाईंना धुळ्याला न्यायचंय. आबांना भीती वाटते की तुझं घर मोडेल. "आणि अजून एक. भिकुबाईनं मला दोराचं सांगितलं होतं. मला माहीत होतं, दिपूताई. तरी मी बांधला."  बाहेर कुणाचं तरी स्ट्रेचर खडखडत गेलं. मग दिपमाला म्हणाली, "ते भांडण आपण नंतर करू. चांगलं दोन दिवसांचं करू. आधी पायाचं बघ." थोड्या वेळानं: "वहिनी, मी सकाळपासून दोन्ही अंगठे हलवतेय. मनातल्या मनात. वरून कुणाला दिसत नाही. सकाळी मला वाटत होतं हलताहेत. आता वाटेना." तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं, चारुलतानं ते ओढणीच्या टोकानं टिपलं. "मला कुणी विचारलं नाही ग," दिपमाला म्हणाली. "मी वाट पाहत होते कुणी विचारतंय का." "मी विचारते आता." "मग आण कागद. सासूबाई ओरडतील." "ओरडू देत." "त्या ओरडल्या ना की आधी ओरडतात, मग जेवायला वाढतात. तू घाबरू नको."

झोपल्या झोपल्या कागद धरायचा तर पॅड हवं. नर्सनं तापाच्या तक्त्याचं पॅड दिलं. चारुलतानं ते दिपमालाच्या तोंडासमोर उलटं धरलं, आणि दिपमालानं हात वर करून सही केली. शाई उलटी उतरेना, दोनदा पेन झटकावं लागलं. अक्षरं तिरकी गेली. खाली साक्षीदार म्हणून चारुलतानं आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे वेळ टाकली, चार चौतीस. नर्स म्हणाली, वेळ टाकायची गरज नसते. "असू दे," चारुलता म्हणाली.

पाहुणे आले तेव्हा सव्वापाच झाले होते आणि ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता. प्रेमराज त्या दिव्याखाली जाऊन उभा राहिला आणि दाराला हात लावून तसाच उभा राहिला. प्रमिलाबाईंच्या एका हातात नवसाचा नारळ होता, दुसऱ्या हातात डबा. त्यांनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे. "आम्हले इचारं बी नई? आम्ही मरी गयतूत का रस्तामा?" आबांनी मान खाली घातली. चारुलता पुढे झाली. "दिपूताईंना विचारलं, काकू. त्यांनी स्वतः सही केली." "तिले इचारं? तिले काय समजस?" मग त्या बाकावर बसल्या, ओरडायचं होतं तेवढं ओरडल्या, आणि ओरडून झाल्यावर डबा उघडला. आत सांजोऱ्या होत्या. "तिनाकरता करेल व्हत्यात," त्या म्हणाल्या, कुणालाच नाही, आणि झाकण परत लावलं. कुणी जेवलं नव्हतं. चार तास तो दिवा लाल होता. चारुलताला ते चार तास जड गेले नाहीत. हे कुणाला सांगून पटणार नाही. पण त्या दिवसातले तेवढेच चार तास तिला पुढे जाणारे वाटले.

चौथ्या दिवशी डावा अंगठा हलला. डॉक्टरांना दाखवण्याआधी दिपमालानं तो चारुलताला दाखवला, चादर बाजूला करून, पोरानं चोरलेली कैरी दाखवावी तसा. उजव्याला बारा दिवस लागले. हे ऑपरेशन वेळेवर झाल्यामुळे की तिचं नशीब म्हणून, सर्जन ठामपणे काही बोलला नाही. म्हणाला, आता खरं काम पुढे आहे, सहा महिने रोज व्यायाम, दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची नळी सुटेपर्यंत जपायचं, आणि एकही दिवस चुकवायचा नाही. आणि मग पाहुणे तिला धुळ्याला घेऊन गेले. न्यायचाच हक्क होता त्यांचा. आबांना तर त्यानं बरंच वाटलं, नांदवायला नेली म्हणून. जायच्या आदल्या दिवशी दोराची गोष्ट कुठून तरी प्रमिलाबाईंच्या कानावर गेली होती. गाडीत बसताना त्यांनी चारुलताकडे पाहिलं नाही. पहिला महिना दिपमालाचे फोन यायचे, वॉकर धरून सहा पावलं, मग नऊ. मग फोन सासूबाई उचलायला लागल्या. ती झोपेल शे. तिना व्यायाम चालू शे. बठ्ठं बरं शे. प्रेमराजला विचारलं तर तो म्हणतो, बरंय. योगेंद्र म्हणतो, ते म्हणताहेत ना बरंय, मग झालं. सकाळी थोडं लागलंय असं सांगणाऱ्या घरातली चारुलता बरंय या शब्दावर आता झोपू शकत नाही. ती दोनदा धुळ्याला जाऊन आली. दोन्ही वेळा तिला पुढच्या खोलीत चहा मिळाला, आणि आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती पुन्हा जाणार आहे, येत्या रविवारी, ओजूला घेऊन. लहान पोर दार लोटून आत शिरलं तर त्याला कुणी अडवत नाही. दिपूताईशी दोन दिवसांचं भांडण अजून राहिलंय, ते करायचंच आहे. पण रविवारला सहा दिवस आहेत, आणि सहा दिवस म्हणजे किती तास, ते तिला बोटांवर मोजावं लागत नाही.

म्हणून ती भेटेल त्याला हेच सांगते, दळणाच्या रांगेत, बँकेत, एसटीत शेजारी बसलेल्याला, आणि आता तुम्हालाही. तुम्ही धुळ्याकडे राहत असाल, किंवा काही कामानं त्या अंगाला जात असाल, तर देवपुरात पाण्याच्या टाकीच्या मागच्या गल्लीत निळ्या गेटचं घर आहे, बाहेर बॅटऱ्यांची पाटी आहे. पाणी मागा, पत्ता विचारा, काहीही निमित्त करा. आत दिपमाला आहे. एकदा तिला पाहून या. वॉकर कुठे आहे ते बघा, हाताशी आहे की कपाटामागे. किती पावलं होतात ते विचारा. आणि विचारायचं ते तिलाच विचारा. शेजारी बसलेलं कुणी उत्तर द्यायला लागलं तर त्यांचं बोलून होऊ द्या, आणि मग पुन्हा तिला विचारा.